पोट भरले, पाय गेले : लाखोळीच्या डाळीची कहाणी

आपल्या घराघरांत एक वाक्य हदीस म्हणून सांगितले जाते : पोट हे रोगाचे घर आहे आणि परहेज ही सगळ्या औषधांची सरदार आहे. दस्तरखानावर कोणी तिसऱ्यांदा पुलाव वाढून घेऊ लागला की एखादे बुजुर्ग हमखास हे ऐकवतात. हदीसच्या अभ्यासकांनी मात्र फार पूर्वीच स्पष्ट केले आहे की हे वचन प्रेषित मुहम्मद (स.) यांचे नव्हे. ते अरबांचा तबीब हारिस बिन कलदा याचे म्हणून ओळखले जाते. हारिस ताइफचा, सकीफ कबिल्यातला. इराणातल्या जुंदीशापूरला तो वैद्यक शिकला, असे परंपरा सांगते. हजरत साद बिन अबी वक्कास आजारी पडले तेव्हा प्रेषितांनी त्यांना याच हारिसकडे जायला सांगितले, अशी नोंद अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. प्रेषितांचे पोटासंबंधीचे जे प्रसिद्ध वचन आहे ते तिरमिजींच्या संग्रहात सापडते. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, असा त्याचा आशय आहे.

दोन्ही वचनांचा रोख जास्त खाणाऱ्याकडे आहे. ज्याच्यापुढे ताट भरलेले आहे त्याने हात कुठे आवरावा, हे त्यांत सांगितले आहे. पण ज्याच्यापुढे एकच पदार्थ आहे आणि दुसरा मिळण्याची शक्यता नाही, त्याने परहेज कशाचे करायचे? आमच्या भंडारा जिल्ह्यात राहून हा प्रश्न टाळता येत नाही. कारण इथल्या धानाच्या बांध्यांत शेकडो वर्षे एक असे कडधान्य पिकत आले आहे, जे पोट भरते, पोटाला जराही दुखवत नाही, आणि ठराविक परिस्थितीत माणसाचे पाय कायमचे काढून घेते.

त्या कडधान्याकडे जाण्यापूर्वी युनानी तिब्बचा एक विचार लक्षात घेऊ. हकीमांच्या मते अन्नाचे पचन एकाच जागी होत नाही. पहिला हज्म मेद्यात म्हणजे जठरात, दुसरा जिगरमध्ये, तिसरा रगांमध्ये आणि चौथा प्रत्यक्ष अवयवांत. इब्न सीनाच्या 'अल्-कानून'वर पोसलेल्या हकीमांच्या पिढ्या नाडी पाहता पाहता 'काय खाल्ले?' हे विचारत, ते याच कारणाने. डोके दुखो की गुडघा, चौकशी मेद्यापासून सुरू. इंग्रजी शिकलेल्यांनी मध्यंतरी या पद्धतीची पुष्कळ थट्टा केली. आता मात्र आतड्यांच्या भिंतींत मज्जापेशींचे स्वतंत्र जाळे असते, आतड्यांतले सूक्ष्म जीव शरीरभर परिणाम घडवतात, पोट आणि मेंदू यांच्यात दोन्ही बाजूंनी निरोप जात असतात, हे आधुनिक शास्त्रच सांगते. हकीमांना यातले बारकावे ठाऊक नव्हते. त्यांना सगळे ठाऊक होते असे म्हणणे म्हणजे भाबडेपणा होईल. पण खाल्लेला घास शेवटी अवयवांत जाऊन आपला हिशोब करतो, एवढे त्यांनी अचूक ओळखले होते. लाखोळीचा हिशोब या चौथ्या मुक्कामावरच होतो.

लाखोळी, लाखोरी, लाख. आमच्याकडे तिन्ही नावे चालतात. छत्तीसगडात तिवरा म्हणतात, उत्तर हिंदुस्थानात आणि बंगालकडे खेसारी. शास्त्रीय नाव लॅथिरस सॅटिव्हस. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या भारी जमिनीत धान उभा असतानाच, कापणीच्या थोडे आधी, त्या ओल्या बांधीत तिचे बी फेकून देतात. याला उतेरा म्हणतात. नांगरणी नाही, खत नाही, पाण्याची पाळी नाही. धान कापून नेला की मागे राहिलेल्या ओलीवर ही वेल वाढते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर शेंगा हाती येतात. कोवळ्या पाल्याची भाजी होते, दाण्याची डाळ होते, डाळीचे वडे होतात, काड गुरांना जाते, आणि मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देऊन जातात. दाण्यात चौथ्या हिश्शाहून अधिक प्रथिने. पाणी साचले तरी ही वेल तगते, पाऊस दडी मारून बसला तरी तगते. ज्याच्याकडे विहीर नाही, बैलजोडी नाही, सावकाराकडे पत नाही, त्या शेतकऱ्यासाठी याहून सोयीचे पीक नाही.

सगळ्या गोष्टीची मेख या तगण्यातच आहे. दुष्काळात गहू जातो, हरभरा जातो, धान जातो, लाखोळी राहते. मग राहिलेले तेच खावे लागते.

हे जगाला नवीन नव्हते. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांत एनॉस नावाच्या गावाचा उल्लेख आहे. तिथे सतत कडधान्यावर राहिलेल्या स्त्रीपुरुषांचे पाय लुळे पडले होते. आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात भावमिश्राने त्रिपुट म्हणजे खेसारी माणसाला पंगू करते असे नोंदवले. त्याच शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी' सिद्ध केली. बिहार सुभ्याचे वर्णन करताना तो खेसारी नावाच्या, वाटाण्यासारख्या दिसणाऱ्या कडधान्याची नोंद घेतो. गरीब लोक ते खातात आणि ते प्रकृतीला चांगले नाही, या दोन गोष्टी तो एकाच दमात सांगतो आणि लगेच पुढच्या जिनसेकडे वळतो. उर्दू शाळेत शिकवताना फारसीचा थोडाफार वारा लागलेल्या आम्हांला अबुल फजलच्या विद्वत्तेबद्दल आदर आहे. पण अकबराच्या दरबारातला हा सर्वांत जागरूक माणूस, 'वाईट आहे तर मग गरीब ते का खातात?' असे विचारत नाही. त्याच्यानंतर लिहिणाऱ्या बहुतेकांनीही ते विचारले नाही. दाण्याचे गुणदोष लिहिले गेले, खाणाऱ्याची मजबुरी एका शब्दात संपली.

अपवाद एका इंग्रजाचा. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून जो आपल्याला माहीत आहे तो विल्यम स्लीमन. सागर भागातल्या एका खेड्यात त्याने जे पाहिले ते १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले. १८२९ मध्ये गारपिटीने गहू मारला. १८३० मध्ये पाऊस अपुरा पडला. १८३१ मध्ये गव्हावर तांबेरा आला. तीन वर्षे लागोपाठ गहू गेला आणि त्या रिकाम्या रानांत खेसारी मात्र भरभरून आली. लोकांनी ती काढली, साठवली आणि त्या वर्षी व पुढच्या काळातही तिच्यावर गुजराण केली. १८३३ पासून परिणाम दिसू लागले. तिशीच्या आतली मुले-मुली कमरेखाली अचानक लुळी पडू लागली. १८३३ आणि १८३४ या दोन वर्षांत त्या गावातली जवळजवळ निम्मी तरुण पिढी या आजारात सापडली. स्लीमनच्या नोंदीत क्रम आहे : आधी आभाळ, मग शेत, मग कोठार, मग पोट, आणि सर्वांत शेवटी पाय. आजाराचा इतिहास लिहायचा तर असाच लिहायला हवा, असे आमचे मत आहे.

आजार कसा येतो तेही सांगितले पाहिजे. पोटात कळ येत नाही, उलटी नाही, जुलाब नाही, ताप नाही. हैजा असता तर घरच्यांनी धावपळ केली असती. इथे माणूस जेवून, तृप्त होऊन झोपतो. काही दिवस पोटऱ्यांत गोळे येतात, पाय जड वाटतात, गुडघे ताठरतात. एखादे दिवशी उठताना पाय साथ देत नाहीत. टाचा टेकत नाहीत, चालताना पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. डॉक्टरांनी या रोग्यांच्या पायऱ्याच ठरवल्या आहेत. कोणी काठीशिवाय कसाबसा चालतो, कोणी एका काठीवर, कोणी दोन काठ्यांवर, आणि शेवटचा रांगतो. कष्टकरी तरुण पुरुष यात जास्त सापडतात. बुद्धी शाबूत राहते, स्पर्श कळतो, हात चालतात, आयुष्यही पुरे मिळते. विशीतला माणूस पन्नास वर्षे रांगत काढू शकतो. गेलेले पाय परत आणणारे औषध आजही नाही.

एकोणिसाव्या शतकात अलाहाबादजवळच्या बारा परगण्यात सिव्हिल सर्जन आयर्विंग यांनी अशा पंगूंचा अभ्यास केला. १८७३ मध्ये नेपल्सच्या कांतानी यांनी या रोगाला 'लॅथिरिझम' हे नाव दिले. आमच्या भागाशी सर्वांत जवळचा दस्तऐवज मात्र नागपूरचा आहे. १८६१ साली नागपूर राजधानी करून मध्य प्रांत बनवला गेला. स्लीमनचे सागर आणि आमचा भंडारा हे जिल्हे तेव्हापासून एकाच प्रांतात आले. १८९६-९७ चा आणि लगेच १८९९-१९०० चा, असे दोन दुष्काळ या प्रांताने पाहिले. १९०१ च्या जनगणनेत प्रांताची लोकसंख्या १८९१ पेक्षा कमी भरली. भंडारा जिल्ह्याचीही घटली. जे मेले ते भुकेने, हैजाने, तापाने मेले. जे जगले त्यांतले किती जण पाय गमावून जगले, याची चौकशी सरकारी डॉक्टर बुकानन यांनी केली. मध्य प्रांतातील १८९६ ते १९०२ या काळातल्या लॅथिरिझमवरचा त्यांचा अहवाल १९०४ साली नागपूरच्या सरकारी छापखान्यात छापला गेला. दुष्काळाच्या इतिहासात आपण मेलेल्यांचे आकडे वाचतो. लंगडत मागे राहिलेल्यांसाठी असा एखादा अहवालच असतो, आणि तो सहसा कोणी उघडत नाही.

हे फक्त हिंदुस्थानचे दुर्दैव असे कोणी समजू नये. नेपोलियनच्या स्वारीत माद्रिदला दुष्काळ पडला तेव्हा लोक याच दाण्याच्या पिठावर जगले. गोया या स्पॅनिश चित्रकाराने त्या पिठाभोवती जमलेल्या भुकेल्यांचे चित्र कोरले आहे. त्यात एक बाई जमिनीवर पडलेली दिसते. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली रुमानियाच्या ताब्यातल्या व्हॅप्नियार्का छावणीत सुमारे १२०० ज्यू कैद्यांना जनावरांचा चारा म्हणून पिकवलेली हीच डाळ खायला दिली गेली. थोड्याच काळात शेकडो कैद्यांचे पाय गेले. कैद्यांपैकीच एक असलेले डॉक्टर आर्थर केसलर यांनी रोग ओळखला आणि ही डाळ खाऊ नका म्हणून सांगितले. पण कैद्याने परहेज करायचे म्हणजे उपाशी राहायचे. हारिस बिन कलदाचे वचन त्या छावणीच्या तारांपाशी अडते.

आपल्याकडे अशा तारा दिसत नव्हत्या, एवढाच फरक. विंध्य प्रदेशातल्या रीवा भागात स्वातंत्र्यानंतरही हजारो माणसे या रोगाने पंगू झालेली आढळली. ती बहुतेक भूमिहीन मजूर होती. मालक त्यांना मजुरी धान्यात देत, आणि त्या धान्यात खेसारी असे. गहू मालकाच्या कोठारात, खेसारी मजुराच्या पदरात. रोज तेच, महिनोन्‌महिने तेच. डाळ मालकाच्याही घरी शिजत असेल, पण त्याच्या ताटात ती भाजी-पोळीबरोबरची वाटीभर डाळ होती. मजुराच्या ताटात ती डाळही होती आणि भाकरीही तिचीच होती.

पुढचा काळ सरकारी निर्णयाचा आणि प्रयोगशाळेचा. १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत खेसारीची, तिच्या पिठाची आणि तिच्या मिश्रणाची विक्री रोखणारा नियम घालण्यात आला. तो कधीपासून लागू करायचा हे राज्यांवर सोपवले होते. काहींनी लागू केला, काहींनी केला नाही. महाराष्ट्रात विक्री बंद झाली. १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राव, अडिगा आणि सरमा या संशोधकांनी दाण्यातले विष वेगळे काढले. त्याला थोडक्यात ओडॅप म्हणतात. आपल्या मज्जापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जे द्रव्य वापरतात, त्याच्यासारखे हे विष दिसते. पेशी फसते, सतत चेतवली जाते आणि अखेर मरते. ही झीज मुख्यतः पायांना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंची होते. आतड्यांना यात काही वावगे वाटत नाही. ती नेहमीचा घास समजून ते शोषून घेतात.

पण विष पाण्यात विरघळते, आणि ही सर्वांत कामाची गोष्ट आहे. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिले, किंवा उकळून वरचे पाणी काढून टाकले, की ओडॅपचा बराच मोठा भाग निघून जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने डाळ उकडून वाळवण्याची पद्धत सुचवली ती याच आधारावर. प्रमाणाचाही प्रश्न आहे. रोजच्या अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लाखोळीच असेल, आणि हे तीन-चार महिने चालले, तर धोका उभा राहतो. इथियोपियात १९९० च्या दशकात दुष्काळानंतर मोठी साथ आली. तिच्या अभ्यासात, ज्यांनी डाळीबरोबर इतर धान्य मिसळून खाल्ले त्यांना धोका कमी असल्याचे दिसले. धान्यात गंधकयुक्त प्रथिनघटक असतात. ते लाखोळीत फार कमी आहेत, आणि शरीराला या विषाशी झुंजायला त्यांची मदत होते असे मानले जाते.

इथे आमच्या जिल्ह्याचा विचार करावासा वाटतो. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले, पुढे मालगुजारांच्या नावाने ओळखले गेलेले हजारो लहानमोठे तलाव पूर्व विदर्भात आहेत. तलावाखाली धान, तलावात मासे. गरिबाच्या ताटातही भात असतो, कधी सुकी मासोळी असते, बांधावरचा पालापाचोळा असतो, आणि त्यांच्या सोबतीला लाखोळीची डाळ. रीवाच्या मजुराचे ताट आणि पवनी-लाखांदूरकडच्या माणसाचे ताट यांत हा फरक आहे. इथे पिढ्यान्‌पिढ्या लाखोळी खाणारी माणसे ताठ चालतात, चिखलात परह्या रोवतात. त्यांना तलावाने आणि धानाने वाचवले असावे असा आमचा कयास आहे. बंदीच्या विरोधकांचा मुख्य आधारही या लोकांचे चालते-फिरते पाय हाच होता.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून अनेक वर्षे लढा दिला, उपोषणे केली. मुद्दा साधा होता : ज्या डाळीने या भागात कोणी लंगडा होत नाही, तिच्यावर बंदी घालून गरीब शेतकऱ्याचे पीक कवडीमोल करण्यात कोणाचे हित? बंदीने पेरणी थांबली नाही, थांबला तो उघड बाजार. शेतकऱ्याची डाळ चोरटेपणाने, पडत्या भावाने घेतली जाऊ लागली आणि चण्याच्या बेसनात किंवा तुरीच्या डाळीत मिसळून चढ्या भावाने विकली जाऊ लागली. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी मोहल्ल्यात भज्यांच्या कढया लागतात. लाखोळीच्या पिठाची भजी जास्त कुरकुरीत होतात, असे तळणारेच हसत सांगतात. दोन-चार भज्यांनी कोणाचे पाय जात नाहीत, हे खरे. पण चण्याचे पैसे देऊन लाखोळी खाणारा ग्राहक आणि लाखोळी पिकवून तिचे पूर्ण दाम न मिळणारा शेतकरी, दोघेही फसले, आणि मधला माणूस सुखरूप राहिला.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही हलके नाही. बंदी भंडाऱ्याच्या भात खाणाऱ्यासाठी नव्हतीच. ती रीवाच्या मजुरासाठी होती, ज्याला मालक काय देतो ते खाण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९७६ मध्ये वेठबिगारी कायद्याने बंद झाली, मजुरी रोखीत आली, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला, तसतसे नवे रोगी दुर्मीळ झाले. आमच्या समजुतीप्रमाणे या रोगाला खरा उतार पडला तो बंदीमुळे कमी आणि मजुराच्या ताटात दुसरे धान्य आल्यामुळे जास्त. हकीमांच्या भाषेत बोलायचे तर, इलाज गिझाने झाला, परहेजने नाही.

२०१६ च्या सुरुवातीला भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी, ओडॅपचे प्रमाण कमी असलेल्या वाणांच्या आधारे बंदी उठवण्यास अनुकूलता दाखवली. त्या वेळी रतन, प्रतीक आणि महातिवरा ही तीन नावे पुढे आली. यांतले प्रतीक आणि महातिवरा रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचे. रायपूर आम्हांला दूर नाही. माती तीच, धान तोच, उतेराही तोच.

पण या वाणांबाबत दोन गोष्टी शेतकऱ्यांना कोणी फारशा सांगत नाही. पहिली ही की लाखोळीच्या फुलांवर मधमाश्या येतात, शेजारच्या बांधीतल्या जुन्या वाणाशी संकर होतो आणि काही हंगामांनी 'कमी विषाचे' बियाणे तसे राहत नाही. आमच्याकडे तर घरचेच बी राखून पेरण्याची रीत आहे. दुसरी गोष्ट अशी की दाण्यातले ओडॅप फक्त वाणावर ठरत नाही. जमिनीत जस्ताची कमतरता असेल तर ते वाढते, आणि पाऊस कमी पडून झाडाला ताण बसला तरीही वाढते. म्हणजे ज्या वर्षी धान करपतो, तलाव आटतात, मासळी मिळत नाही आणि गरिबाच्या ताटात लाखोळीचा हिस्सा वाढतो, त्याच वर्षी तिच्या दाण्यातले विषही वाढलेले असते.